नवा प्रशिक्षक : आशा आणि शंका

"नव्याचे नऊ दिवस" ही म्हण आपल्यांत सर्वतोमुखी आहे. नवी सून असो, नवा धनी असो कीं नवा गुरुजी असो, पहिले कांहीं दिवस त्याचें सारेंच गोड वाटतें, आणि मग हळूहळू दोष दिसूं लागतात. फुटबॉलच्या खेळांत मात्र या म्हणीचा अनुभव वेगळाच येतो. तेथें संघाला नवा प्रशिक्षक मिळाला, कीं पहिल्याच दिवशीं पाठीराख्यांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "आतां आपले दिवस फिरले!" दुसरा म्हणतो, "हा कसले दिवे लावणार?" सकाळीं पहिल्या तटांत असलेला गृहस्थ संध्याकाळीं दुसऱ्या तटांत सांपडतो, आणि पुष्कळदां एकाच मनुष्याच्या मनांत हे दोन्ही तट एकाच वेळीं भांडत असतात. ही आशा आणि ही शंका कोठून उत्पन्न होते, तिच्यावर कितपत भरंवसा ठेवावा, आणि सुज्ञ पाठीराख्यानें कसें वागावें, याचा विचार एका खऱ्या घडलेल्या हकीकतीच्या आधारें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम प्रशिक्षकाचें काम काय, हें पाहूं. सामन्याच्या दिवशीं तो मैदानाच्या कडेला उभा असतो, हातवारे करतो, ओरडतो, मधून एखादा खेळाडू बदलतो. प्रेक्षकांस एवढेंच दिसतें. परंतु हा त्याच्या कामाचा अगदीं लहान अंश होय. कोणत्या अकरा जणांस खेळवावें, कोणास कोठें उभें करावें, प्रतिपक्षाचें बळ कशांत आहे नि उणीव कशांत आहे, याचा अभ्यास तो आठवडाभर करीत असतो. कोणाचा पाय दुखावला आहे, कोणाचें चित्त घरच्या काळजीनें अस्वस्थ झालें आहे, कोणाला शाबासकीनें स्फुरण चढतें आणि कोणाला कानउघाडणी लागते, हें त्याला ओळखावें लागतें. हें सारें बंद दारांआड चालतें. पेरणी कोणी पाहत नाहीं. पीक मात्र दर आठवड्याला सारा गांव मोजतो.

पाठीराख्याची स्थिति मोठी चमत्कारिक असते. प्रशिक्षक निवडतांना त्याचें मत कोणी विचारीत नाहीं, आणि त्याला दूर करण्याचा अधिकारहि त्याच्या हातीं नसतो. तो अधिकार क्लबच्या मालकांचा. खेळाडू क्लब सोडून जातात, प्रशिक्षक जातात, मालकहि क्लब विकून मोकळे होतात. पाठीराखा मात्र जन्मभर तेथेंच राहतो, आणि आपल्या मुलालाहि त्याच संघाच्या रंगांत वाढवितो. ज्याच्या निवडीवर आपला कांहीं अधिकार नाहीं, परंतु ज्याच्या यशापयशावर आपलें सुखदुःख अवलंबून आहे, अशा मनुष्याविषयीं मन स्वस्थ कसें राहावें? म्हणून पाठीराखा हातीं असलेलें एकच साधन वापरतो. तो नव्या मनुष्याचा भूतकाळ चाळतो. त्यानें पूर्वीं काय जिंकलें, काय गमावलें, कोठून त्याला काढलें, याचा हिशेब मांडतो, आणि त्यावरून उद्यांचें भविष्य वर्तवितो.

आतां आमची हकीकत. इंग्लंडच्या मध्यभागीं लेस्टर नांवाचें शहर आहे. तेथील फुटबॉल क्लब १८८४ मध्यें स्थापन झाला. पुढें १३१ वर्षें लोटलीं, तरी इंग्लंडच्या सर्वांत वरच्या साखळीचें अजिंक्यपद या क्लबास एकदांहि मिळालें नव्हतें. या साखळीस प्रीमियर लीग म्हणतात. तींत २० क्लब असतात. प्रत्येक क्लब इतर १९ क्लबांशीं दोन दोनदां, म्हणजे एकूण ३८ सामने खेळतो. विजयास ३ गुण आणि बरोबरीस १ गुण मिळतो. हंगामाच्या शेवटीं तळचे ३ क्लब खालच्या साखळींत ढकलले जातात. शाळेंत नापास झालेला मुलगा निदान त्याच वर्गांत बसतो. येथें नापास झालेल्यास एक इयत्ता खालीं उतरावें लागतें!

२०१४-१५ च्या हंगामांत लेस्टरवर हाच प्रसंग ओढवला होता. नाताळच्या दिवशीं हा संघ अगदीं तळाशीं होता, आणि एप्रिल उजाडला तरी तेथेंच होता. मग शेवटच्या ९ सामन्यांपैकीं ७ जिंकून त्यानें १४ वें स्थान गांठलें. त्या वेळीं नायजेल पीअर्सन हे प्रशिक्षक होते. बुडती नौका तीरास लावणारा मनुष्य लोकांस प्रिय झाला, यांत नवल नाहीं. परंतु जूनच्या अखेरीस क्लबनें त्यांना दूर केलें, आणि १३ जुलै २०१५ रोजीं इटलीचे क्लाउदिओ रानिएरी यांची नेमणूक जाहीर केली.

नेमणूक जाहीर होतांच शंकांचें काहूर उठलें. रानिएरी यांचें वय तेव्हां ६३ वर्षांचें होतें. इटली, स्पेन, फ्रान्स आणि इंग्लंड या देशांतील नामांकित क्लब त्यांनीं सांभाळले होते. ते २००० पासून २००४ पर्यंत लंडनच्या चेल्सी क्लबाकडे होते. त्या काळीं वारंवार संघ बदलण्याच्या त्यांच्या संवयीमुळें वृत्तपत्रांनीं त्यांना "टिंकरमन", म्हणजे सदा कांहींतरी ठाकठोक करीत बसणारा, असें नांव ठेविलें होतें. दुसऱ्या क्रमांकावर त्यांचे संघ अनेकदां आले. परंतु कोणत्याहि देशाच्या वरच्या साखळीचें अजिंक्यपद त्यांच्या वांट्यास आलें नव्हतें. त्यांतच ताजी जखम ग्रीसची. तेथील राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असतां नोव्हेंबर २०१४ मध्यें त्यांचा संघ घरच्या मैदानावर फेरो बेटांकडून ०-१ असा हरला. या बेटांची सारी वस्ती पन्नास हजारांच्या आसपास! ग्रीसनें त्यांना लगेच निरोप दिला. चार सामन्यांत त्यांना एकहि विजय लाभला नव्हता.

इंग्लंडचे प्रसिद्ध माजी खेळाडू गॅरी लिनेकर हे मूळचे लेस्टरचेच, आणि लेस्टरच्याच संघांतून ते पुढें आले. त्यांनींहि रानिएरींच्या नांवापुढें उघड प्रश्नचिन्ह मांडलें. पैजांचा व्यापार करणाऱ्या पेढ्यांनीं तर लेस्टरच्या अजिंक्यपदाचा भाव एकास पांच हजार असा लाविला. पैजा लावणें आम्हांस मुळींच संमत नाहीं. तथापि जगाच्या मनांतील शंका किती खोल होती, हें मोजण्यापुरता तो आंकडा उपयोगीं पडतो.

ही शंका मूर्खपणाची होती काय? आमच्या मतें तसें म्हणतां येणार नाहीं. दुधानें तोंड पोळलेला ताकहि फुंकून पितो. नुकताच खड्ड्यांतून वर आलेला संघ, ज्यानें वर काढला तो मनुष्य गेलेला, आणि नवा मनुष्य ताजा पराभव घेऊन आलेला. पाठीराख्यांनीं चिंता करूं नये तर काय करावें? शंकेपाशीं जो पुरावा होता तो खरा होता. तिचें चुकलें तें एवढेंच, कीं ती मनुष्याच्या भूतकाळापाशीं थांबली. हा मनुष्य आपल्याकडे येऊन काय करतो आहे, हा पुढचा प्रश्न तिनें विचारला नाहीं.

त्यांनीं काय केलें, हें आतां पाहूं. नवा अधिकारी बहुधा आल्या आल्या जुनें मोडूं लागतो. मोडल्याशिवाय आपण आलों हें लोकांस कळणार नाहीं, असें त्याला वाटतें. रानिएरींनीं याच्या उलट केलें. जुने सहाय्यक क्रेग शेक्सपियर आणि होतकरू खेळाडू हेरण्यांत निष्णात असलेले स्टीव्ह वॉल्श यांना त्यांनीं जागच्या जागीं ठेविलें. मागच्या हंगामाच्या अखेरीस जो संघ जिंकूं लागला होता, त्याची घडी विस्कटली नाहीं. त्या संघांत जेमी वार्डी हा आघाडीचा खेळाडू होता. पूर्वीं तो कारखान्यांत काम करून लहान क्लबांकडून खेळत असे. अल्जेरियाकडून खेळणारा रियाद महरेझ होता. फ्रान्समधून त्याच वर्षीं आलेला एन्गोलो कांते होता. प्रतिपक्षाच्या पायांतून चेंडू काढून घेण्यांत त्याचा हातखंडा होता. या माणसांना साजेल असाच खेळ रानिएरींनीं ठेविला. चेंडू फार वेळ आपल्यापाशीं खेळवीत राहण्याचा हट्ट नाहीं. मागें दाट बचाव करावयाचा, आणि चेंडू हातीं लागला, कीं वाऱ्याच्या वेगानें प्रतिपक्षाच्या गोलाकडे धांव घ्यावयाची.

तरी उणीव होतीच. संघ गोल करी, पण गोल होऊंहि देई. २६ सप्टेंबर २०१५ रोजीं आर्सेनलनें लेस्टरला ५-२ असें हरविलें. तेव्हां रानिएरींनीं बचावाच्या दोन्ही कडांचे खेळाडू बदलले, आणि नंतर मात्र हंगामभर जवळजवळ तेच अकरा जण खेळविले. ज्यांना लोक "ठाकठोक करणारे" म्हणत होते, त्यांनीं ठाकठोक केली ती एवढीच! याच सुमारास त्यांनीं खेळाडूंना सांगितलें, कीं प्रतिपक्षाला एकहि गोल करूं न देतां सामना संपवाल, तर सर्वांना पिझ्झा खाऊं घालीन. पहिल्या ९ सामन्यांत तें साधलें नाहीं. दहावा सामना क्रिस्टल पॅलेसविरुद्ध १-० असा जिंकला, तेव्हां ते खरोखरच सर्वांना घेऊन गेले. पण तेथें गेल्यावर खेळाडूंना कळलें, कीं पिझ्झा आपला आपणच करावयाचा आहे! बक्षीसहि कष्टानेंच मिळतें, हा धडा त्यांनीं असा हंसतखेळत दिला.

वृत्तपत्रकार अजिंक्यपदाविषयीं विचारूं लागले, तर ते ४० गुणांची गोष्ट काढीत. कारण ४० गुण झाले, कीं खालच्या साखळींत जाण्याची भीति बहुधा टळते. १४ फेब्रुवारी २०१६ रोजीं आर्सेनलविरुद्धचा सामना शेवटच्या क्षणीं १-२ असा गेला. दुसऱ्या एखाद्या प्रशिक्षकानें दुप्पट सराव करविला असता; रानिएरींनीं खेळाडूंना आठवडाभर सुटी दिली. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत लेस्टर लीगमधील एकहि सामना हरलें नाहीं. २ मे २०१६ रोजीं टॉटनहॅमला चेल्सीविरुद्ध २-२ अशी बरोबरी पत्करावी लागली, आणि त्या दिवशीं स्वतः न खेळतांच लेस्टर अजिंक्य ठरलें. ३८ सामन्यांत २३ विजय, १२ बरोबऱ्या आणि अवघे ३ पराभव; ८१ गुण, म्हणजे दुसऱ्या आलेल्या आर्सेनलहून १० अधिक. लिनेकर यांनीं हंगामाच्या मध्यावर बोलून टाकलें होतें, कीं लेस्टर जिंकल्यास आपण दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम नुसत्या चड्डीवर सादर करूं. ऑगस्टमध्यें त्यांना तो शब्द पाळावा लागला.

येथें गोष्ट संपली असती, तर "शंकेखोरांची फजिती" असें तात्पर्य काढून आम्हीं लेखणी खालीं ठेविली असती. परंतु खरा बोध पुढेंच आहे. नव्या हंगामापूर्वीं कांते चेल्सीकडे गेला. लेस्टरच्या वेगवान धांवेस प्रतिपक्ष आतां ओळखूं लागले होते. ते मागें दबा धरून राहूं लागले. यूरोपांतील सर्वश्रेष्ठ क्लबांच्या स्पर्धेचा भारहि त्याच वर्षीं अंगावर पडला. फेब्रुवारी २०१७ मध्यें लेस्टर १७ व्या स्थानीं आलें. धोक्याच्या रेषेहून अवघा १ गुण वर. २३ फेब्रुवारी २०१७ रोजीं, अजिंक्यपदास दहा महिनेहि पुरे झाले नसतां, क्लबनें रानिएरींना काढून टाकलें.

मालकांचा निर्णय व्यवहारदृष्ट्या फसला असें म्हणतां येत नाहीं. शेक्सपियर यांच्या हातीं संघ आला, पुढचाच सामना लिव्हरपूलविरुद्ध ३-१ असा जिंकला, आणि हंगामाच्या शेवटीं १२ वें स्थान मिळालें. तरी त्या लिव्हरपूलच्या सामन्यास जमलेल्या पाठीराख्यांनीं गेलेल्या प्रशिक्षकाचें नांव प्रेमानें घेतलें. आपल्याला काय मिळालें होतें, आणि तें कोणीं मिळवून दिलें होतें, हें ते विसरले नव्हते.

आतां दोन तारखा शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. जुलै २०१५ मध्यें कोणी लेस्टरच्या पाठीराख्यास सांगितलें असतें, कीं दोन वर्षांनीं तुझा संघ खालच्या साखळींत जाण्यापासून बचावण्याची धडपड करीत असेल, तर "एवढें तरी होऊं दे" असें तो म्हणाला असता. फेब्रुवारी २०१७ मध्यें मात्र तीच धडपड असह्य झाली. संघ फारसा बदलला नव्हता. बदलली होती ती अपेक्षा. शंकेनें रानिएरींना कमी लेखलें, पण त्यांचें नुकसान केलें नाहीं. उलट लोकांचें लक्ष नसतां शांतपणें काम करण्याची मोकळीक दिली. त्यांच्या अंगावर आली ती आशा. आशा ही शंकेहून गोड दिसते. परंतु ती सावकारासारखी आहे. आज हंसून देते, आणि उद्यां व्याजासह परत मागते.

यावर कोणी म्हणेल, कीं ही इंग्लंडची गोष्ट, तेथें पैशाचे डोंगर. आम्हांस तिचा काय उपयोग? म्हणून एक आपल्या देशांतील उदाहरण देतों. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशानें शिक्षक. १९५० मध्यें त्यांच्याकडे भारताच्या संघाचें काम आलें, आणि १९५१ मध्यें दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारतानें फुटबॉलचें सुवर्णपदक मिळविलें. साहजिकच आशा उंचावली. पुढच्याच वर्षीं, १९५२ मध्यें, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें युगोस्लाव्हियानें भारताला १०-१ असें लोळविलें. आपले कित्येक खेळाडू तेव्हां अनवाणी खेळत असत. अशा पराभवानंतर प्रशिक्षकास घरीं पाठविणें किती सोपें होतें! परंतु रहीम यांच्याकडून काम काढून घेतलें गेलें नाहीं. पराभवापासून बोध घेण्यांत आला. बूट घालून खेळणें आवश्यक झालें, आणि रहीम यांनीं संघाची जुळणी नव्यानें केली. १९५६ मध्यें मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें भारत चौथा आला. तेथें ऑस्ट्रेलियाला ४-२ असें नमवितांना मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यानें एकट्यानें ३ गोल केले. १९६२ मध्यें जाकार्ता येथें दक्षिण कोरियाला २-१ असें हरवून भारतानें पुन्हां सुवर्णपदक मिळविलें. तेव्हां रहीम कर्करोगानें ग्रस्त होते. १९६३ मध्यें ते निवर्तले. हेलसिंकीच्या त्या दहा गोलांवरूनच त्यांची किंमत ठरविली असती, तर पुढचें कांहींच आपल्याला लाभलें नसतें.

मग पाठीराख्यानें आशा धरूंच नये काय? किंवा शंका घेऊंच नये काय? आमचें तसें म्हणणें नाहीं. आशा नसेल तर मैदानावर जाणार कोण? आणि शंका नसेल तर आळशी किंवा अहंकारी प्रशिक्षकास जाब विचारणार कोण? सारेच प्रशिक्षक रहीम नसतात, आणि प्रत्येक नेमणूक लेस्टरसारखी फळास येत नाहीं. चुकीचा मनुष्य वेळींच बदलावा लागतो, हेंहि खरें. प्रश्न एवढाच, कीं आपली आशा आणि आपली शंका कशावर उभी आहे. नांवावर आणि कालच्या निकालावर ती उभी असेल, तर वाऱ्याबरोबर फिरत राहील. कामावर उभी असेल, तर तिला कांहीं किंमत येईल. नव्या प्रशिक्षकाच्या हाताखालीं खेळाडूंना आपलें काम नीट कळलें आहे काय? ऑगस्टमध्यें अडखळणारा मुलगा डिसेंबरमध्यें सुधारला आहे काय? पराभवानंतर तीच चूक पुन्हां घडते, कीं ती शोधून काढली जाते? चांगला पाठीराखा हे प्रश्न विचारतो, आणि उत्तर मिळण्यास जेवढा अवधि लागतो तेवढा थांबतो.

विद्यार्थिमित्रहो, हा नियम केवळ इंग्लंडच्या क्लबांपुरता नाहीं. शाळेच्या संघास नवे शिक्षक शिकवूं लागतात, वर्गावर नवे गुरुजी येतात, आणि पहिल्या आठवड्यांतच आपण त्यांच्याविषयीं निकाल देऊन मोकळे होतों. पालकांसहि एक विनंती आहे. पहिल्या चाचणी परीक्षेचे गुण पाहून मुलाचें नि शिक्षकाचें भविष्य एकदम ठरवूं नये. दुसऱ्या परीक्षेंत तीच चूक राहिली आहे कीं गेली आहे, तें पाहावें. गुणांचा तक्ता घरबसल्या वाचतां येतो. परंतु संघ कसा घडतो आहे, हें पाहावयाचें असेल, तर मैदानाच्या कडेला जाऊन, हरत असलेला सामनाहि शेवटच्या शिटीपर्यंत पाहावा लागतो.